नावे न सांगणारा नट : जॉन गारफील्ड

हॉलिवूडच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांचे वेड एकदा लागले की ते सहजासहजी सुटत नाही. पावसाने भिजलेले शहरातले रस्ते, जिन्यावर पसरलेली लांबलचक सावली, खिडकीच्या झडपांतून भिंतीवर उमटलेले उजेडाचे पट्टे, आणि या साऱ्यातून वाट काढू पाहणारा, पण दर पावलागणिक अधिकच गुंतत जाणारा एखादा सामान्य माणूस! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतले चित्रपट पॅरिसला पोचू शकले नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम तेथे झळकले. 'द माल्टीज फाल्कन' (१९४१), 'डबल इन्डेम्निटी' (१९४४), 'लॉरा' (१९४४) असे चित्रपट लागोपाठ पाहताना फ्रेंच समीक्षकांच्या ध्यानात आले की, हसऱ्या-खेळत्या अमेरिकी चित्रपटाचा चेहरा काळवंडला आहे. १९४६ साली त्यांनी या चित्रपटांना 'फिल्म न्वार' असे नाव दिले. न्वार म्हणजे काळा. हे चित्रपट बनवणाऱ्यांपैकी फ्रिट्झ लँग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिऑडमाक यांच्यासारखे कित्येक दिग्दर्शक हिटलरच्या भयाने युरोप सोडून आलेले होते. जर्मन मूकपटांतली छायाप्रकाशाची भाषा त्यांनी बरोबर आणली होती. पुढे तीच सावली मुंबईवरही पडली. 'बाजी' (१९५१), 'आरपार' (१९५४), 'सी. आय. डी.' (१९५६) हे चित्रपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना न्वार म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या चित्रपटांच्या चाहत्यांना आवडता नट विचारला, तर बहुतेक जण हम्फ्री बोगार्टचे नाव घेतील. कोणी रॉबर्ट मिचमचे घेतील. परंतु थोडे खोलवर गेलेले रसिक आणखी एक नाव आवर्जून घेतात. ते नाव म्हणजे जॉन गारफील्ड. अवघ्या एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य, त्यातली चौदा वर्षे पडद्यावर, आणि तीसहून थोडे अधिक चित्रपट, एवढाच त्याचा संसार. बोगार्टची ऐट त्याच्यापाशी नव्हती, मिचमची बेफिकिरीही नव्हती. त्याच्यापाशी होता गल्लीत वाढलेल्या पोराचा चेहरा. पोटातली भूक आणि मनातला राग या दोन्ही गोष्टी त्या चेहऱ्यावर लपत नसत. पडद्यावर त्याने पुन्हा पुन्हा एकच प्रश्न सोसला : जगायचे असेल, तर स्वतःला कितपत विकायचे? आयुष्याच्या अखेरीस हाच प्रश्न पडद्यावरून खाली उतरून त्याच्यासमोर उभा राहिला. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

*

त्याचे खरे नाव ज्यूलिअस गार्फिंकल. जन्म ४ मार्च १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातला. रशियन साम्राज्यातून परागंदा होऊन आलेल्या ज्यू निर्वासितांची तेथे दाट वस्ती होती. एकेका खोलीत पाच-सात माणसे, खाली हातगाड्यांचा बाजार, आणि घराघरांतून शिवणयंत्रांची घरघर. वडील कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीचे काम करीत, आणि सणावारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना गात. आई वारली तेव्हा ज्यूलिअस सात वर्षांचा होता. त्यानंतर तो आज या नातेवाइकाकडे तर उद्या त्या नातेवाइकाकडे, असा वाढला. कोठेच मूळ न धरलेल्या पोराचे जे व्हायचे तेच झाले. ब्राँक्समध्ये तो टोळक्यांत सामील झाला. मारामाऱ्या, शाळेला दांड्या, किरकोळ चोऱ्यामाऱ्या हा त्याचा दिनक्रम बनला.

त्याला वाचवले ते एका शाळेने. ब्राँक्समधील एका सार्वजनिक शाळेचे मुख्याध्यापक अँजेलो पात्री हे स्वतः इटलीहून आलेल्या निर्वासित कुटुंबातले. वाया गेलेली म्हणून इतरांनी सोडून दिलेली मुले ते आपल्या शाळेत घेत. ज्यूलिअस बोलताना अडखळत असे. पात्रींच्या शाळेत त्याला भाषणे पाठ करावयास लावली, नाटकांतून उभे केले, आणि मुष्टियुद्धाच्या आखाड्यातही सोडले. मुठी आणि शब्द ही त्याची दोन हत्यारे एकाच शाळेत धारदार झाली. एका मोठ्या वक्तृत्वस्पर्धेत त्याने बक्षीस मिळवले, तेव्हा हा मुलगा नट होऊ शकेल असे त्याच्या शिक्षकांना वाटू लागले. आज या अंकाचे वाचक असलेल्या प्राध्यापकांना हा तपशील विशेष वाटेल. एका नटाच्या चरित्रात शाळामास्तरला इतके मोठे स्थान क्वचितच मिळते.

पुढे मारिया उस्पेन्स्काया या रशियन अभिनेत्रीच्या नाट्यशाळेत त्याला प्रवेश मिळाला. स्तानिस्लाव्हस्कीच्या परंपरेतली ही कडक शिस्तीची बाई. परंतु काळ महामंदीचा होता. लक्षावधी अमेरिकी तरुण काम शोधत देशभर भटकत होते. त्यांच्याप्रमाणे ज्यूलिअसनेही मालगाड्यांतून फुकट प्रवास केला आणि शेतांवर मजुरी केली. पडद्यावर पुढे त्याने उभे केलेले बेघर भटके हे पुस्तकातून आलेले नव्हते.

*

१९३१ साली न्यूयॉर्कमध्ये 'ग्रुप थिएटर' नावाची नाट्यसंस्था निघाली होती. हॅरल्ड क्लर्मन, ली स्ट्रासबर्ग आणि शेरिल क्रॉफर्ड हे तिचे संस्थापक. येथे कोणी एक मोठा नट आणि बाकीचे हरकामे, असा प्रकार नव्हता. सगळे मिळून तालमी करायच्या, सगळे मिळून नाटक उभे करायचे, आणि नाटक भोवतालच्या जगण्याविषयी काही बोलले पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. क्लिफर्ड ओडेट्स हा नाटककार याच संस्थेने घडवला. ओडेट्सचे 'अवेक अँड सिंग' १९३५ साली रंगभूमीवर आले. ब्राँक्समधल्या एका गरीब ज्यू कुटुंबाची ती कथा. त्यातल्या कोंडमारा झालेल्या तरुण मुलाची भूमिका ज्यूलिअसकडे आली. आता त्याने 'ज्यूल्स गारफील्ड' असे नाव घेतले होते. त्याच वर्षी रॉबर्टा सीडमन हिच्याशी त्याचे लग्न झाले. तीही डाव्या चळवळीत मनापासून रमलेली होती. त्या काळी नाट्यक्षेत्रातल्या संवेदनशील तरुणाने डावीकडे झुकणे ही काही अपूर्वाई नव्हती. रस्त्यात भाकरीसाठी रांगा लागल्या होत्या आणि स्पेनमध्ये लोकशाहीचा गळा आवळला जात होता.

मग 'गोल्डन बॉय' आले. ओडेट्सचे हे १९३७ चे नाटक एका तरुणाविषयी आहे. त्याला व्हायोलिनची देणगी लाभलेली असते. पण पैसा आणि कीर्ती यांच्या मोहाने तो मुष्टियोद्धा होतो, आणि ज्या हातांनी सूर काढायचे ते हात आखाड्यात गमावतो. ही नायकाची भूमिका आपल्यालाच मिळणार अशी गारफील्डची धारणा होती. आयत्या वेळी ती ल्यूथर ॲडलरला दिली गेली आणि गारफील्डच्या वाट्याला एक दुय्यम काम आले. हा घाव त्याच्या वर्मी लागला. १९३८ साली त्याने वॉर्नर ब्रदर्सशी करार केला आणि तो हॉलिवूडला गेला. जाताना त्याने रंगभूमीवर काम करण्याची मोकळीक करारात मागून घेतली. ज्यूल्सचा जॉन झाला तो येथे.

*

'फोर डॉटर्स' (१९३८) हा खरे तर चार लाघवी बहिणींचा कौटुंबिक चित्रपट. दिग्दर्शक मायकेल कर्टीझ. चित्रपट बराच पुढे गेल्यावर एक विस्कटलेल्या केसांचा, मळक्या कपड्यांचा तरुण त्या नीटनेटक्या घरात येतो. ओठांच्या कोपऱ्यात सिगारेट लोंबते आहे, बोटे पियानोवर फिरताहेत, आणि आपल्या कपाळी दैवाने काय काय लिहिले आहे हे तो कडवट विनोदाने सांगतो आहे. त्या क्षणापासून चित्रपट त्याचा होतो. तोवर अमेरिकी पडद्यावर गरीब तरुण दिसत असे तो हसरा, कष्टाळू आणि शेवटी यशस्वी होणारा. गारफील्डचा हा तरुण हरलेला होता, आणि आपण का हरलो याचा जाब विचारत होता. पहिल्याच चित्रपटाने त्याला ऑस्करचे नामांकन मिळवून दिले. मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन यांनी पुढे जो बंडखोर तरुण गाजवला, त्याची पहिली चाहूल येथे लागली होती.

वॉर्नरने मात्र या यशाचा साचा केला. 'दे मेड मी अ क्रिमिनल' (१९३९), 'डस्ट बी माय डेस्टिनी' (१९३९) : पुन्हा पुन्हा तोच पळणारा, पोलिसांनी पाठलाग केलेला तरुण. न पटलेल्या भूमिका गारफील्ड नाकारी, आणि कंपनी त्याचे काम व पगार थांबवी. युद्ध सुरू झाल्यावर त्याला सैन्यात जायचे होते. पण लहानपणीच्या आजाराने दुबळे झालेले हृदय आड आले. तेव्हा त्याने बेट डेव्हिसला साथीला घेऊन 'हॉलिवूड कँटीन' उभे केले. ऑक्टोबर १९४२ मध्ये ते उघडले. आघाडीवर निघालेल्या सैनिकांना येथे जेवण आणि गाणे-नाचणे फुकट मिळे, आणि वाढायला, भांडी घासायला स्वतः नट-नट्या असत. पुढे ज्या माणसाच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली, त्याची युद्धकाळातली ही कामगिरी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९४५ मध्ये त्याची सहा वर्षांची मुलगी आजाराने अकस्मात गेली. त्या धक्क्यातून तो पुरता कधी सावरलाच नाही, असे त्याला ओळखणारे सांगत. आणि याच सुमारास त्याच्या कलेचा खरा बहर सुरू झाला.

*

'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' (१९४६) हा न्वारच्या चाहत्यांच्या गळ्यातला ताईत. रस्त्याकडेच्या एका उपाहारगृहापाशी भटका फ्रँक येतो. तेथे 'माणूस पाहिजे' अशी पाटी लावलेली आहे. आत लिपस्टिकची नळी जमिनीवरून घरंगळत त्याच्या पायाशी येते. तो वर पाहतो, तो दारात मालकाची तरुण बायको. ही लाना टर्नर. जवळजवळ सबंध चित्रपटभर तिला पांढरेशुभ्र कपडे दिले आहेत. काळेपण सगळे मनात. दोघे मिळून नवऱ्याचा काटा काढतात आणि कायद्याच्या हातून निसटतातही. परंतु जो खून केला त्यातून सुटलेला फ्रँक, जो केलाच नाही त्यासाठी मृत्युदंडाला सामोरा जातो. गारफील्डने हा फ्रँक दुष्ट केला नाही. मोहापुढे गुडघे टेकणारा, टेकताना स्वतःचीच कीव करणारा असा तो एक साधा माणूस आहे, आणि म्हणून अधिक भयंकर आहे.

त्याच वर्षी आला 'ह्यूमरेस्क'. यात तो गरीब वस्तीतून वर आलेला व्हायोलिनवादक. वादन प्रत्यक्षात आयझॅक स्टर्नचे. पडद्यावरची बोटे खरी वाटावीत म्हणून दोन वादकांनी कॅमेऱ्याआड दडून आपापला एकेक हात त्याला उसना दिला होता! पुढच्याच वर्षी 'बॉडी अँड सोल' (१९४७) मध्ये तो मुष्टियोद्धा झाला. चाहत्याला येथे एक गंमत जाणवते. 'गोल्डन बॉय'मधला हुकलेला नायक व्हायोलिनवादक होता आणि मुष्टियोद्धाही. रंगभूमीने नाकारलेली ती एक भूमिका गारफील्डने पडद्यावर दोन चित्रपटांत वाटून करून टाकली.

'बॉडी अँड सोल' हा त्याचा स्वतःचा चित्रपट होता. वॉर्नरचा करार संपल्यावर दुसरा करार न करता त्याने निर्माता बॉब रॉबर्ट्स याच्या साथीने 'एंटरप्राइज' या नव्या संस्थेच्या छत्राखाली काम सुरू केले. लेखक एब्रहॅम पोलॉन्स्की, दिग्दर्शक रॉबर्ट रॉसन. छायालेखक जेम्स वाँग हौ याने चाकांचे बूट पायात घालून, हातात कॅमेरा घेऊन आखाड्यातली झुंज टिपली. म्हणून ती झुंज आपण पाहत नाही, खातो! चार्ली डेव्हिस हा गरीब ज्यू पोरगा मुठींच्या बळावर विजेता होतो, आणि पायरीपायरीने जुगारवाल्यांच्या खिशात जातो. आई दुरावते, प्रेयसी दुरावते. कॅनडा ली या कृष्णवर्णीय नटाने रंगवलेला त्याचा जुना प्रतिस्पर्धी व मित्र त्याच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो. अखेरच्या झुंजीत पैसे घेऊन हरायचे ठरलेले असते. ऐन वेळी चार्ली हरायचे नाकारतो, जिंकतो, आणि धमकी देणाऱ्या गुंडाच्या समोरून ताठ मानेने निघून जातो. या भूमिकेने गारफील्डला उत्कृष्ट नायकाचे नामांकन मिळाले. याच वर्षी 'जंटलमन्स ॲग्रीमेंट' या ज्यूद्वेषावरच्या चित्रपटात त्याने दुय्यम भूमिका आनंदाने पत्करली. विषय महत्त्वाचा होता, एवढेच कारण त्याला पुरेसे होते.

आणि मग 'फोर्स ऑफ इव्हिल' (१९४८). दिग्दर्शनही आता पोलॉन्स्कीचे. विषय आकड्यांच्या जुगाराचा. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव हे ज्या जुगाराचे मूळ होते आणि ज्याचा पुढे 'मटका' झाला, तो आपल्याला ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतही असाच तीन आकड्यांवर चिल्लर लावण्याचा खेळ चाले. गारफील्ड येथे जो मोर्स हा वॉल स्ट्रीटवरचा हुशार वकील आहे. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, भाबडे लोक ७७६ या आकड्यावर पैसे लावतात, कारण १७७६ हे स्वातंत्र्याचे साल. नेमका तोच आकडा त्या दिवशी आणायचा, म्हणजे सगळे छोटे अड्डेवाले देणी चुकवता चुकवता बुडतील आणि सारा धंदा एका बड्या टोळीच्या हाती येईल, असा त्याचा डाव. पण त्या छोट्या अड्डेवाल्यांपैकी एक त्याचा थोरला भाऊ आहे. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून जोला शिकवणारा भाऊ! शेवटी पहाटेच्या उजेडात जो मोठ्या पुलाखाली दगडांवरून खाली खाली उतरत जातो, आणि तेथे नदीकाठी त्याला भावाचे प्रेत सापडते. बड्या भांडवलाचा धंदा आणि गुन्हेगारांचा धंदा यांत फरक तो कोणता, असे विचारणारा इतका धारदार चित्रपट हॉलिवूडने क्वचित काढला असेल. त्यावेळी तो फारसा चालला नाही. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहासाठी त्याची निवड झाली.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. जो टेलिफोन उचलतो आणि त्यातून 'टक्' असा बारीकसा आवाज येतो. कोणीतरी ऐकते आहे! न्वारमधल्या या भयाला त्यावेळी बाहेरही एक नाव मिळत होते.

*

१९४७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधीगृहाच्या राष्ट्रविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या समितीने हॉलिवूडकडे मोर्चा वळवला. दहा लेखक-दिग्दर्शकांनी आपण कम्युनिस्ट आहोत की नाही हे सांगण्याचे नाकारले. विचारस्वातंत्र्याची घटनात्मक हमी पुरेशी आहे, असा त्यांचा भरवसा होता. तो फोल ठरला. १९५० साली ते तुरुंगात गेले. त्याआधीच, १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये, निर्मात्यांनी एकत्र येऊन अशा लोकांना काम न देण्याचे जाहीर केले होते. काळी यादी जन्माला आली. १९५० च्या जूनमध्ये 'रेड चॅनल्स' नावाचे एक पुस्तक निघाले. त्यात डावे म्हणून संशयित ठरवलेल्या १५१ कलावंतांची नावे होती. त्यांत गारफील्डचेही होते.

त्याच वर्षी आलेला 'द ब्रेकिंग पॉइंट' हा त्याच्या उत्तम चित्रपटांपैकी एक. हेमिंग्वेच्या कादंबरीवरचा. कर्जाने पिचलेला नावेचा मालक हॅरी मॉर्गन गुन्हेगारीच्या भोवऱ्यात ओढला जातो. शेवटी साऱ्यांचे लक्ष जखमी हॅरीकडे असते. मात्र त्याच्या मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय साथीदाराचा लहान मुलगा रिकाम्या धक्क्यावर बापाची वाट पाहत एकटाच उभा राहतो. असा शेवट करण्याची हिंमत त्या काळी थोड्यांनीच दाखवली. पण नायकाचे नाव संशयितांच्या पुस्तकात आले होते. कंपनीने चित्रपटाचा फारसा गाजावाजा केला नाही.

२३ एप्रिल १९५१ रोजी गारफील्ड समितीपुढे उभा राहिला. साक्षीदारापुढे तेव्हा तीन वाटा होत्या. पहिली, उत्तरच न देण्याची. तिच्या शेवटी तुरुंग नाही तर बेकारी. दुसरी, सारे कबूल करून जुन्या सोबत्यांची नावे सांगण्याची. तिच्या शेवटी काम परत मिळे. तिसरी, मधून निसटण्याची. गारफील्डने तिसरी धरली. आपण कधीही कम्युनिस्ट नव्हतो, त्या पक्षाचा आपल्याला तिटकारा आहे, आणि हॉलिवूडमधला एकही कम्युनिस्ट आपल्याला ठाऊक नाही, अशा अर्थाची उत्तरे त्याने दिली.

येथे चाहत्याने भाबडेपणा करू नये. पहिली गोष्ट खरी होती : तो पक्षाचा सभासद कधीच नव्हता. शेवटची मात्र खरी असणे शक्यच नव्हते. त्याची पत्नी रॉबर्टा एकेकाळी पक्षाची सभासद होती. ग्रुप थिएटरमधले कित्येक मित्र होते. म्हणजे शपथेवर तो खोटे बोलला. शिवाय त्याच्या बोलण्यात समितीला खूष करण्याची केविलवाणी धडपडही होती. त्याला आपले काम हवे होते. बाणेदारपणे गरजणारा तो वीर नव्हता. घाबरलेला माणूस होता. परंतु समितीला त्याची मते नको होतीच. समितीला हवी होती नावे. तेवढी मात्र त्याच्या तोंडून निघाली नाहीत.

येथे 'फोर्स ऑफ इव्हिल'चा शेवट पुन्हा आठवतो. भावाच्या प्रेतापासून परत फिरताना जो मोर्स टोळीविरुद्ध कायद्याला मदत करण्याचा निश्चय करतो. मग पडद्यावर तोंड उघडणारा गारफील्ड समितीपुढे गप्प का? उत्तर अवघड नाही. जो मोर्सच्या साक्षीने खुनी पकडले जाणार होते. गारफील्डच्या साक्षीने ज्यांची पोटे मारली गेली असती त्यांनी खून केला नव्हता, चोरी केली नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी ते काही सभांना गेले होते, एवढेच. साक्ष देणे आणि चुगली करणे यांतला हा फरक आहे. गारफील्डने तो पोथ्या वाचून शिकला नव्हता. ज्या गल्लीत तो वाढला, तेथे चहाडी करणाऱ्या पोराशी कोणी बोलत नसे.

समितीचे समाधान झाले नाही. त्याने शपथेवर खोटे सांगितले काय, याची छाननी सुरू झाली. त्याचा शेवटचा चित्रपट 'ही रॅन ऑल द वे' १९५१ च्या उन्हाळ्यात लागला. एका दरोड्यानंतर पळालेला तरुण एका गरीब कुटुंबाच्या घरात दडून बसतो, आणि त्यांनाच ओलीस धरतो. कोणावरच विश्वास ठेवू न शकणारा हा माणूस शेवटी ओल्या रस्त्यावर गटाराच्या कडेला मरून पडतो. विश्वास ठेवायला हवा होता, हे त्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. कथा-पटकथेत डाल्टन ट्रंबोचा मोठा वाटा, पण तो त्या दहांतला असल्याने पडद्यावर त्याचे नाव नव्हते. दिग्दर्शक जॉन बेरी लौकरच देश सोडून फ्रान्सला गेला. नायकाला पुढे हॉलिवूडमध्ये एकही चित्रपट मिळाला नाही.

*

गारफील्ड न्यूयॉर्कला, रंगभूमीवर परतला. आणि १९५२ च्या मार्चमध्ये पंधरा वर्षांपूर्वी हुकलेली भूमिका त्याला मिळाली. 'गोल्डन बॉय' पुन्हा रंगभूमीवर आले आणि नायक होता जॉन गारफील्ड. वय एकोणचाळीस, भूमिका विशीतल्या पोराची. नाटक काही आठवडे चालले.

त्याच वसंतात जुने सोबती एकेक करून बोलू लागले. ग्रुप थिएटरमधला त्याचा सहकारी आणि 'जंटलमन्स ॲग्रीमेंट'चा दिग्दर्शक एलिया कझान याने एप्रिलमध्ये समितीला नावे सांगितली. मे महिन्यात खुद्द क्लिफर्ड ओडेट्सने सांगितली. गारफील्डवरचा दाब वाढत चालला होता. डाव्यांनी आपल्याला फसवले, अशा आशयाचा एक लेख तो एका मासिकासाठी तयार करीत होता. त्याच्या चाहत्यांना ही गोष्ट खटकते, आणि खटकावी. दोन वर्षे दारे बंद राहिली की माणूस कोठवर वाकतो, याचा तो पुरावा आहे. मात्र त्या वाकण्यालाही त्याच्या लेखी एक मर्यादा होती. स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायला तो तयार झाला होता. दुसऱ्या कोणाचा बळी द्यायला तयार झाला नाही. लेख छापला जाण्याची वेळच आली नाही. २१ मे १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका स्नेह्याच्या घरी त्याचे हृदय बंद पडले. 'बॉडी अँड सोल'मधला त्याचा मित्र कॅनडा ली हाही काळ्या यादीने पिळून निघालेला. तो बाराच दिवस आधी गेला होता.

अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. पोलिसांना गर्दी आवरावी लागली. ज्याला काम द्यायला निर्माते भीत होते, त्याला निरोप द्यायला लोक भ्याले नाहीत.

त्याच्या मरणाला त्या छळाने हातभार लावला, असे त्याच्या घरच्यांनी व मित्रांनी नेहमी मानले. हृदय आधीपासून दुखावलेले होते, हेही खरे. पुराव्याने एवढेच म्हणता येते की, बोलावणे आल्यापासून त्याला शांत झोप मिळाली नाही, आणि नावे सांगितली असती तर ती मिळण्याची सोय होती. बोललेल्यांपैकी कित्येकांनी पुढे मोठमोठे चित्रपट केले, ऑस्कर घेतले. रॉबर्ट रॉसन १९५१ मध्ये गप्प राहिला, १९५३ मध्ये बोलला, आणि पुन्हा दिग्दर्शन करू लागला. न बोललेल्या एब्रहॅम पोलॉन्स्कीला दुसऱ्या चित्रपटासाठी १९६९ पर्यंत थांबावे लागले : तब्बल एकवीस वर्षे! आपण बोललेल्यांना दोष द्यावा काय? घरात चूल पेटवायची असते, मुले असतात. वर्गात बसून निवाडा करणे सोपे आहे. परंतु दोष न देताही, जो बोलला नाही त्याच्यापाशी थोडे थांबणे आपल्याला शक्य आहे.

ज्यांना गारफील्डची ओळख करून घ्यायची असेल त्यांनी आधी 'बॉडी अँड सोल' पाहावा, मग 'फोर्स ऑफ इव्हिल', आणि तयारी झाली की 'द ब्रेकिंग पॉइंट'. पाहताना सुरुवातीची नामावली घाईने जाऊ देऊ नये. 'बॉडी अँड सोल'च्या नामावलीत पोलॉन्स्की आहे, आईचे काम करणारी ॲन रिव्हीअर आहे, कॅनडा ली आहे, आर्ट स्मिथ आहे, लॉइड गॉफ आहे. पुढच्या काही वर्षांत यांतले एकेक नाव हॉलिवूडच्या पडद्यावरून पुसले गेले. पण यांपैकी एकही नाव समितीला जॉन गारफील्डच्या तोंडून मिळालेले नाही.